वारा घालावा की पाणी फिरवावे?

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. गणपती उठले, मखर माळ्यावर गेले आणि रिकाम्या झालेल्या टेबलाशी आमचे चिरंजीव एक यादी घेऊन उभे राहिले. बारावीला बरे गुण मिळाले आणि हव्या त्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला तर कॉम्प्युटर घेऊन देऊ, असे आम्ही कधीतरी बोलून गेलो होतो. दोन्ही गोष्टी घडल्या होत्या. साधा कॉम्प्युटर नव्हे, गेमिंगचा. दोन वर्षे शेजारच्या मुलांच्या शिकवण्या करून त्याने अठरा हजार रुपये जमवले होते, ते त्याने यादीच्या तळाशी आपल्या नावावर जमा दाखवले होते. बाकीचे आमच्या नावावर.

यादीतल्या वस्तूंबद्दल आमचे मत विचारण्यात आलेले नव्हते. फक्त पैसे विचारण्यात आले होते. त्यात ‘लिक्विड कूलर, ३६० मि.मी.’ अशी एक ओळ होती. तिच्यापुढचा बारा हजारांचा आकडा पाहून आम्ही चष्मा पुसून पुन्हा लावला. आकडा तोच राहिला.

“हे काय आहे?”

“बाबा, प्रोसेसर थंड ठेवायला. आत पाणी फिरतं.”

“पंख्याने थंड होत नाही का?”

“होतो. पण पाण्याने जास्त होतो. शिवाय आजीच्या खोलीत गरम होणार नाही.”

या शेवटच्या वाक्याने आमचे तोंड बंद झाले. आमचे बिऱ्हाड डोंबिवलीचे. आतली दहा बाय बाराची खोली आजी आणि नातू यांच्यात वाटलेली. तिची खाट आणि त्याचे टेबल यांत तीन फुटांचे अंतर. आई ब्याऐंशीची. तिला उकाडा सोसत नाही, आणि झोप इतकी सावध की बाहेर कुणी पिशवीतून लसूण काढला तरी कळते. तिच्यासाठी म्हणून बारा हजार मागितले तर नाही कोणत्या तोंडाने म्हणायचे?

पण आईनेच खाटेवरून निकाल दिला. “पितृपंधरवडा लागतोय. सर्वपित्रीपर्यंत घरात काही नवीन आणायचं नाही.” चिरंजीवांचा चेहरा पडला. आम्हाला मात्र पंधरा दिवस मिळाले, आणि या सदराच्या वाचकांना ठाऊकच आहे की आम्हाला पंधरा दिवस आणि एक यंत्र मिळाले की आम्ही काय करतो.

पहिला फोन नागपूरहून बहिणीचा आला. “कूलर घेताय म्हणे? वाळ्याच्या ताट्यांचा घ्या हो, गवताच्या नको.” विदर्भात कूलर म्हणजे खिडकीत बसणारा लोखंडी पेटारा. ताट्यांवर पाणी सोडायचे, मागून पंखा कोरडी हवा ओढतो, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते हवेतली उष्णता घेऊन जाते. आमच्या माठाचे तत्त्वही हेच. माठ झिरपतो म्हणून त्यातले पाणी खोलीपेक्षा गार राहते. तोच माठ आतून बाहेरून तेलरंगाने रंगवून बंद केला, तर पाणी खोलीइतकेच कोमट.

कॉम्प्युटरचा लिक्विड कूलर हा रंगवून बंद केलेला माठ आहे, ही गोष्ट आमच्या डोक्यात शिरली आणि निम्मे कोडे सुटले. तो झिरपत नाही, झिरपून चालणारही नाही. त्यामुळे त्यातले पाणी खोलीच्या हवेपेक्षा एक अंशही खाली जाऊ शकत नाही. पाणी म्हणजे गारवा हे समीकरण आपल्या हाडीमांसी इतके मुरलेले आहे की ‘आत पाणी फिरतं’ म्हटल्याबरोबर अंगावरून झुळूक गेल्यासारखे वाटते. पण इथे पाणी गारवा आणीत नाही. ते हमाल आहे. एका ठिकाणची उष्णता उचलायची आणि दुसऱ्या ठिकाणी नेऊन टाकायची, एवढेच त्याचे काम.

हमाल मात्र तगडा. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात जवळजवळ साडेतीन हजार लिटर हवा एका अंशाने तापते. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा एक ठोकळा बसवलेला असतो, त्याला चिकटून बोटभर पंप. तापलेले पाणी रबरी नळीतून पेटीच्या छतापाशी किंवा पुढच्या बाजूला लावलेल्या रेडिएटरमध्ये जाते, तिथे तीन पंखे त्याच्या पातळ पत्र्यांतून वारा फेकतात, आणि पाणी परत येते. म्हणजे शेवटी वाराच. मोटारीच्या इंजिनाची व्यवस्था जवळजवळ हीच. ज्यांनी जुन्या फियाटमधून मे महिन्यात खंडाळ्याचा घाट चढला आहे, त्यांना बॉनेट उघडून, रेडिएटरमधून निघणाऱ्या वाफेकडे पाहत, घागर घेऊन उभे राहिल्याचे आठवत असेल. त्याच वेळी शेजारून एखादी बुलेट धडधडत वर जाई. तिच्या इंजिनाला पाणी नव्हते. अंगावर नुसत्या पत्र्यांच्या वळ्या. अर्थात बुलेटला चार माणसे आणि टपावरची ट्रंक ओढायची नव्हती.

दुसरी गंमत याहून मोठी. ज्याला ‘एअर कूलर’ म्हणतात, म्हणजे तांब्याच्या नळ्यांवर अल्युमिनियमच्या पत्र्यांची चळत आणि तिला लावलेला पंखा, त्याच्या पोटातही पाणी असते! त्या नळ्या भरीव नाहीत. आतली हवा काढून घेऊन, थोडेसे पाणी घालून त्या कायमच्या बंद केलेल्या असतात. हवेचा दाब नसल्याने ते पाणी अगदी कमी उष्णतेला उकळते. वाफ वर पळते, थंड टोकाला पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून, समईच्या वातीत तेल चढावे तसे, परत तळाशी येते. ना पंप, ना हलणारा एकही भाग. कल्पनेचे पेटंट अमेरिकेत १९४० नंतरच्या काही वर्षांतच झाले होते, पण १९६३ साली लॉस अ‍ॅलॅमॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे घडवून दाखवली, आणि अंतराळयानांपासून आता डोंबिवलीच्या टेबलापर्यंत ती पोचली. तेव्हा वाऱ्याच्या कूलरात पाणी आहे आणि पाण्याच्या कूलरात वारा. भांडण पुष्कळसे नावांचेच!

उष्णता इतकी येते कुठून, हाही प्रश्न आमच्या सौ.ने विचारला. कपड्यांची इस्त्री हजार वॉटची असते, पण ती आपली आच तळव्याएवढ्या पत्र्यावर पसरते. दर चौरस सेंटिमीटरला पाच-सहा वॉट. चिरंजीवांच्या यादीतला प्रोसेसर होता इंटेलचा कोअर आय-९ १४९००के. त्याची आतली चकती सुमारे अडीच चौरस सेंटिमीटर, आणि सगळ्या बाजूंनी काम पडले म्हणजे तो २५३ वॉटपर्यंत जातो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला शंभराच्या घरात, इस्त्रीच्या वीसपट. १९४६ च्या फिलाडेल्फियातल्या एनियाक यंत्रात सतरा हजारांवर व्हॉल्व्ह होते व ते दीडशे किलोवॉट वीज खाई, पण ते दालनभर पसरलेले होते. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली चालू केलेल्या टिफ्रॅकमध्येही सत्तावीसशे व्हॉल्व्ह होते. यंत्रे लहान झाली तशी आच एका टिंबावर आली. मोठ्या यंत्रांत पाणी खेळवण्याचा मार्ग आय.बी.एम.ने पूर्वीच धरला होता, आणि १९८५ च्या क्रे-२ या महासंगणकाचे तर भागच्या भाग एका वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून ठेवलेले असत. घराघरांतल्या टेबलांपर्यंत पाणी येण्याला उशीर लागला तो गळतीच्या भीतीने. भीती खोटी नव्हती. अ‍ॅपलने २००४ साली पाण्याने थंड होणारा पॉवर मॅक जी-५ काढला. त्यातल्या काही यंत्रांनी पुढे गळून आतले भाग खाऊन टाकले. आजच्या कारखान्यातून बंद होऊन येणाऱ्या कूलरांत असे क्वचित घडते, हेही खरे.

आता आजीच्या खोलीचा प्रश्न. एका संध्याकाळी आम्ही चिरंजीवांना पाटी-पेन्सिल घेऊन बसवले.

“तुझा प्रोसेसर शंभर वॉट खातो असं धर. त्याचं पुढे काय होतं?”

“उष्णता होते.”

“सगळ्यांची?”

“जवळजवळ सगळ्यांची.”

“ती पाण्यातून गेली काय आणि पत्र्यांतून गेली काय, जाते कुठे?”

तो थांबला. खाटेकडे पाहिले. “खोलीत.”

मुलगा प्रामाणिक आहे. आजीचे नाव त्याने आम्हाला गप्प करण्यासाठी घातले नव्हते. त्याला खरेच तसे वाटत होते. कुठल्याशा जाहिरातीत निळे पाणी पाहिले होते, एवढेच. पण विजेचे बिल आणि खोलीतला उकाडा कूलर कोणता यावर ठरत नाहीत, वॉट किती यावर ठरतात. कूलर फक्त प्रोसेसरचे तापमान ठरवतो. आणि खेळताना खरा अग्नी प्रोसेसर नसतोच. तो ग्राफिक्स कार्ड. यादीतले आर.टी.एक्स. ५०७० हे कार्ड २५० वॉटचे. त्याला त्याचे स्वतःचे पंखे असतात आणि प्रोसेसरवर बसवलेल्या बारा हजारांच्या पाण्याचा एक थेंबही त्याच्या वाट्याला येत नाही. सगळे मिळून, पडद्यासकट, खेळ रंगात आला की चारशे वॉटच्या आसपास. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता देतो. तेव्हा रोज रात्री तीन तास, आजीच्या खाटेपाशी चार पाहुणे बसवल्यासारखे. बिलात रोज सव्वा युनिट, ते वेगळे.

“मग पाहुणे कमी करू,” चिरंजीव म्हणाले, आणि त्या रात्री त्यांनी यादी नव्याने लिहिली. आय-९ गेला. त्याच्या जागी ए.एम.डी.चा रायझन ७ ७८००एक्स३डी आला; कागदोपत्री १२० वॉटचा, पण नुसत्या खेळात त्याच्या बराच खाली राहणारा, आणि खेळाच्या बाबतीत आय-९ ला मान न तुकवणारा. अशा प्रोसेसरला दोन मनोऱ्यांचा, सहा नळ्यांचा, साडेतीन-चार हजारांचा वाऱ्याचा कूलर पुरून उरतो. चिरंजीव या निकालाने खूश होते असे म्हणवत नाही. काचेच्या पेटीत निळ्या प्रकाशात चमकणारा पंप ही त्या वयाची खरी हौस आहे, आणि हौसेला वॉटमध्ये मोजता येत नाही. आम्ही एकविसाव्या वर्षी उधारीवर घेतलेल्या कॅसेट-प्लेयरला लाल-हिरव्या दिव्यांची पट्टी होती. आवाज तिच्यामुळे सुधारत नसे. तेव्हा “तुझ्या अठरा हजारांतून पाणी घ्यायचं असेल तर घे, आम्ही बोलणार नाही,” असे आम्ही त्याला सांगितले होते. त्याने दोन दिवस विचार केला.

त्याचा विचार ठरवला तो समोरच्या बिऱ्हाडातल्या आप्पांच्या पुतण्याने. त्याचे पाण्याचे यंत्र चौथ्या वर्षी एका रात्री खेळता खेळता मंदावले आणि बंद पडले. गळती नव्हती, काही जळले नव्हते. पंप थांबला होता. प्रोसेसर स्वतःला वाचवायला आधी हळू होतो आणि मग यंत्रच बंद करतो, इतकी अक्कल त्याच्यात असते. पण पंप ठोकळ्यातच घट्ट बसवलेला. तो गेला म्हणजे नळ्या, रेडिएटर, सगळे जोडीने जाते. हमी पाच-सहा वर्षांची असते, पण वस्तू पाठवून नवी येईपर्यंत यंत्र झाकून ठेवायचे. शिवाय रबरी नळ्यांतून, वर्षानुवर्षे, पाणी कणाकणाने उडून जातेच, आणि आत साचलेला हवेचा बुडबुडा पंपात शिरला की गुरगुर सुरू होते. म्हणून रेडिएटरचे वरचे टोक नेहमी पंपापेक्षा उंच ठेवावे. पंप सगळ्यांत वर अशी मांडणी कोणी करीत असेल तर त्याला थांबवावे. वाऱ्याच्या कूलरात बिघडण्याजोगी वस्तू एकच, पंखा. तो पाच-सातशे रुपयांत दुसरा मिळतो, आणि पत्र्यांची चळत पुढच्या कॉम्प्युटरलाही चालते.

घटस्थापनेच्या दिवशी आम्ही दोघे लॅमिंग्टन रोडला गेलो. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असते. पण लोक अजून जुनेच नाव घेतात.) एका दुकानदाराने कूलरची उंची आणि पेटीची रुंदी न विचारताच वस्तू बांधायला घेतली. ही चूक वाचकांनी होऊ देऊ नये. दोन मनोऱ्यांचे कूलर १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतात. अरुंद पेटीचे झाकण मग लागत नाही. पेटी लहानच हवी असेल तर पाणी घेण्याला ते एक रास्त कारण आहे. दुसरे रास्त कारण, ज्यांचा प्रोसेसर तासन् तास दोनशे वॉटच्या वर राबतो ते. चित्रपटाचे संकलन किंवा तसली कामे करणारी मंडळी. तिथे मोठा रेडिएटर त्याच आवाजात काही अंश खाली ठेवतो, आणि अशा कामाच्या माणसाला आम्ही वाऱ्याचा आग्रह करणार नाही.

जोडणी घरी झाली. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये वाटाण्याएवढी पेस्ट ठेवावयाची असते, कपाळाला गंध लावावे तशी. फार थापली तर बाहेर येते. चिरंजीवांनी ती अगदी शास्त्रोक्त ठेवली. यंत्र सुरू झाले, खेळ सुरू झाला आणि दोन मिनिटांत तापमान ८९ अंशांवर जाऊन चिकटले, म्हणजे त्या प्रोसेसरच्या कमाल मर्यादेवर. “पाणीच घ्यायला हवं होतं,” असे तो म्हणाला नाही, पण आम्हाला ऐकू आले. रात्री साडेअकराला सगळे उतरवले. कूलरच्या तळाशी कारखान्यातून येणारी पारदर्शक प्लॅस्टिकची पापुद्री जशीच्या तशी होती. तीवर ‘बसवण्यापूर्वी काढा’ असेही छापलेले. पापुद्री गेली आणि पारा सत्तरीच्या आत आला. ही गोष्ट कुठेही न सांगण्याचे आम्ही कबूल केले होते. त्याची परवानगी घेऊनच इथे लिहीत आहोत.

त्याला आता वर्ष झाले. मे महिन्यात खोली पस्तिशीला गेली तेव्हा प्रोसेसर पंचाहत्तरीच्या पुढेमागे होता. खोली जितकी तापेल तितकाच तोही वर सरकतो, वारा असो की पाणी. आईला उकाडा झालाच. खिडक्या लावून तीन तास खेळल्यावर भिंतीवरचा पारा दोन अंश चढलेला आम्ही पाहिला. वाचलेल्या आठ हजारांतून दोन गोष्टी केल्या: खिडकीच्या वरच्या तावदानात बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला, आणि उरलेले त्याला परत दिले. रात्री दहानंतर चिरंजीव आपण होऊन खेळाच्या फ्रेम्सना मर्यादा घालतात आणि कार्डाची वीज एक पायरी खाली आणतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही म्हणे, पण मीटरला जाणवतो. मोठे पंखे सावकाश फिरतात, त्यामुळे आवाजही बेताचा. आईला विचारले, झोप मोडते का? म्हणाली, “पंख्यानं नाही मोडत. तो गोल झाल्यावर ओरडतो, त्यानं मोडते.”

धूळ मात्र वैरीण. आजूबाजूला तीन इमारती पाडून बांधताहेत. दर महिन्याला पंख्याची पाती बोटाने धरून, ब्लोअरने पत्रे साफ करावे लागतात. न धरता वारा मारला तर पाती भलत्या वेगाने फिरून पंखाच बिघडतो. हे काम पाण्याच्या रेडिएटरलाही चुकत नाही, त्याचे पत्रे उलट अधिक दाट. कालनिर्णयावर अमावास्येच्या चौकटीत आईने ‘खोके पुसणे’ असे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे, आणि ती विसरत नाही.

परवा खंडेनवमीला तिने शिलाई यंत्र, विळी, मिक्सर यांच्याबरोबर त्यालाही पाटाजवळ बोलावले. झेंडूचे फूल ठेवले, आणि चिमूटभर हळद-कुंकू घेऊन हात पेटीच्या छतावर नेला. तिथे जाळी, जाळीखाली पंखा.

“आजी, वर नको, आत जाईल!” म्हणत चिरंजीवांनी तिचा हात अलगद धरला आणि बाजूच्या काचेवर टेकवला. कुंकवाचा तो टिळा अजून आहे. काच पुसायची तेव्हा तो तेवढा भाग सोडून पुसतो.